शेपटी चिखलातच राहिली

शेजारी चकल्या-करंज्यांचे ताट असताना, ज्याला तोंड नाही नि पोटही नाही अशा प्राण्याविषयी लिहीत बसणे हा शुद्ध अरसिकपणा आहे, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण करणार काय! खोल समुद्रातल्या या नळीवासी किड्याने गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यात बिऱ्हाड थाटले आहे आणि तो जागा सोडायला तयार नाही.

हा किडा स्वतःभोवती कायटिनची नळी करतो आणि जन्मभर तीतच राहतो. १८९९-१९०० साली ‘सिबोगा’ या डच जहाजाने इंडोनेशियाच्या समुद्रातून त्याचे पहिले नमुने आणले. १९१४ साली कोलेरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला जहाजावरूनच ‘सिबोग्लिनम’ असे नाव दिले. पुढे या साऱ्या गोतावळ्याला ‘पोगोनोफोरा’, म्हणजे दाढीवाले, म्हणू लागले. डोक्याकडे दाढीसारखे तंतू, पण तोंडाचा पत्ता नाही! त्याच्या घरी न्हावी जाईल, वाढप्याला मात्र काम नाही.

आता याला बसवायचा कुठल्या पंक्तीला? कुणी त्याला गांडुळांच्या भाऊबंदांत बसवले, कुणी वेगळा संघच काढून दिला. इव्हानोव्ह या रशियन पंडिताने त्याच्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि शरीराचे तीन भाग पाहून त्याला कणा असलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, दूरच्या भावकीत नेऊन बसवले. गंमत अशी की, जाळ्याने वर ओढताना किडा तुटे आणि मागचा भाग तळच्या चिखलात राही. १९६४ साली त्या शेपटीचे वर्णन प्रसिद्ध झाले. पाहतात तो काय, तिच्यावर वळ्यांमागून वळी आणि वळ्यांवर राठ केस! गांडुळाच्या घराण्याची खूणच ती. आज या सगळ्यांचे वलयी प्राण्यांतले एकच कुळ मानतात, सिबोग्लिनिडी.

१९७७ साली गालापागोसजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोलीवर, गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी, ‘ॲल्विन’ पाणबुडीतल्या लोकांना त्याचे थोरले भाऊबंद दिसले. त्या रिफ्टियाची लांबी माणसाएवढी. वर जास्वंदीसारखा लाल तुरा. हा रंग रक्तातल्या हिमोग्लोबिनचा. ते प्राणवायू आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, दोन्ही एकदमच वाहून नेते. तुऱ्याखाली नळीत घट्ट धरून ठेवणारा स्नायूंचा अंगरखा, मग लांब धड, आणि तळाशी ती वळ्यांची शेपटी. धडात आतड्याच्या जागी जिवाणूंनी ठासून भरलेले एक इंद्रिय आहे. जिवाणू त्या वायूच्या बळावर अन्न शिजवतात आणि यजमान जेवतो. १९८१ साली कोलीन कॅव्हानॉ या विद्यार्थिनीने याचा पुरावा मांडला. बाळपणी या किड्याला तोंड असते. जिवाणू कातडीतून आत येऊन नांदू लागले की ते मिटून जाते.

मॅट्रिकपुढे न गेलेल्या मास्तराला या विद्येशी काय कर्तव्य, असे कुणी विचारील. पण वर्ग पाडणे हा माझाही धंदा आहे. माझ्या सातवीत एक मुलगा आहे. प्रश्न विचारला की उभा राहतो आणि खिडकीबाहेर बघतो. शिक्षकांच्या खोलीत त्याचा निकाल केव्हाच लागला आहे : “त्याला तोंडच नाही हो!” सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात ‘मंद’ एवढी दोनच अक्षरे लिहायची असतात. शाई वाळायला क्षण लागतो, पण पोराला ती शाळा सुटेपर्यंत पुरतात.

परवा आमचा दूधवाला सहज म्हणाला, “तुमच्या वर्गातलं ते पोरगं पहाटे माझ्याबरोबर चाळीस घरी रतीब घालतं, गुरुजी. कुणाचं किती लिटर आणि कुणाची किती उधारी, सगळं तोंडपाठ!”

तोंडपाठ!

हेडमास्तरांची चिठ्ठी आली आहे, तुमच्या वर्गाचा एक शेरा राहिला आहे म्हणून. मी सुट्टी संपेपर्यंत मुदत मागून घेतली आहे. भाऊबीज आटोपली की एका पहाटे त्या पोराबरोबर चार घरे हिंडून यावे म्हणतो.