चौकटीवरील रेघा

आमच्या माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या काही रेघा आहेत. दर पाडव्यास मुलांना तेथे उभे करून उंचीची खूण करावयाची, हा आमच्या घरचा जुना परिपाठ. धाकट्या कन्येच्या आठव्या व नवव्या वर्षीच्या रेघांत जेमतेम तीन सेंटिमीटरांचे अंतर पडले. मातोश्री म्हणाल्या, "तुझ्याच वळणावर गेली आहे पोर. तूही बुटकाच होतास." आम्ही मात्र बाजारात जाऊन उंची वाढविणाऱ्या वनौषधींच्या चूर्णाचा डबा घेऊन आलो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आम्ही वकील. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात माणसाच्या उंचीचा उल्लेख आहे, आणि मुलांची उंची वाढविण्याचा दावा औषधाने करू नये असे औषध नियमांचे 'जे' परिशिष्टही सांगते. हे सारे आम्हांस पाठ होते. परंतु कायदा जाणणारा वकील निराळा आणि मुलीचा बाप निराळा.

डब्यावर अश्वगंधेचे चित्र होते. त्या वनस्पतीचा काही अपराध नाही. चरकसंहितेत तिची गणना बल्य आणि बृंहणीय गणांत केली आहे. म्हणजे ती बळ देणारी आणि शरीर पुष्ट करणारी. या दोन्ही शब्दांत उंचीचे आश्वासन नाही. ते विक्रेत्याने दिले व आम्ही मानले.

आठ महिने कन्या रोज रात्री डोळे मिटून चूर्णाच्या दुधाचा पेला रिकामा करी आणि सकाळी गुपचूप चौकटीपाशी जाऊन टाचा उंचावून पाही. एके दिवशी ते आमच्या दृष्टीस पडले, आणि आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले.

ते म्हणाले, "पाचव्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. बुटकी मुले बहुधा निरोगीच असतात; पण वाढ चारांहून कमी भरली, की कारण शोधावे." मनगटाचे क्ष-किरण चित्र काढले, रक्त तपासले. थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडत होता. उपाय म्हणजे रोजची एक लहानशी गोळी. "आधी का आणले नाही?" या त्यांच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा किशोरावस्था सरता सरता मिटून जातात. मग चूर्णही चालत नाही आणि गोळीही. मुदत टळली की खरा दावाही बुडतो, असे आम्ही अशिलांना रोज बजावतो. निसर्गाच्या दप्तरीही मुदतीचा कायदा आहे, आणि तेथे विलंबमाफीचा अर्ज दाखल होत नाही. चूर्णाने मुलीस अपाय केला नसेल. तिचे आठ महिने मात्र नेले.

यंदाच्या पाडव्याची रेघ गतवर्षीच्या रेघेहून आठ सेंटिमीटर वर गेली. मातोश्रींनी नातीच्या गळ्यात साखरेची गाठी घातली. ज्यांच्या घरी अशी चौकट असेल, त्यांनी रेघांमधील अंतर अवश्य मोजावे; आणि ते कमी भरले, तर बाजाराची वाट धरण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीची धरावी, एवढीच आमची विनंती आहे.