पत्र्याच्या खोलीतला झिऑन

ऐन लगीनसराईत, मे महिन्यातल्या एका दुपारी, अभोण्याकडचा एक तरुण कळवणच्या माझ्या दुकानात आला. लग्नाचे व्हिडिओ तयार करणं हा त्याचा धंदा. काखेतला लॅपटॉप त्याने काउंटरवर ठेवला. तळ तव्यासारखा तापलेला. "दादा, तुम्ही सांगितला तोच घेतला ना मी? मग सकाळी पळतो आणि दुपारी का बसतो?"

संपादकांनी प्रोसेसरबद्दल सोप्या भाषेत लिहायला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा हाच प्रश्न आठवला. सल्ला माझा होता आणि तो अर्धाच बरोबर होता.

त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक नवा लॅपटॉप, आत इंटेलचा २०२२ चा आय-फाइव्ह १२३५यू. दुसरी, सर्व्हरमधून काढलेला २०१२ चा झिऑन ई-फाइव्ह २६७०. असा उतरवलेला माल जुन्या बाजारात अगदी स्वस्त मिळतो. दहा वर्षांचं अंतर बघून मी म्हणालो, भंगारात पैसे घालू नकोस. हे वाक्य मला आजही टोचतं.

कारण भंगार म्हणावं अशी ती वस्तू नाही. पुण्याच्या सी-डॅकने फेब्रुवारी २०१३ मध्ये 'परम युवा-२' उभा केला, त्यात हाच २६७० होता, जोडीला झिऑन फाय ही मदतनीस कार्डं. जून २०१३ च्या जगातल्या ५०० महासंगणकांच्या यादीत ते यंत्र ६९ वं होतं. आणखी एक हिशेब सांगतो. आठ कोअर, म्हणजे चिपमधले स्वतंत्र राबणारे आठ भाग, प्रत्येकाचे सेकंदाला २.६ अब्ज ठोके, दर ठोक्याला दशांश आकड्यांच्या आठ क्रिया. गुणाकार केला की सेकंदाला १६६ अब्ज क्रिया होतात. १९९८ साली पुण्यातच घडलेल्या 'परम १००००' ची क्षमता होती १०० अब्ज. दोन्ही आकडे कागदावरचे, कमाल क्षमतेचे, हे मान्य. तरी ज्या ताकदीचा सगळ्या देशाला अभिमान वाटला, ती आज तळहातावर मावते.

आता लोकांच्या गैरसमजाकडे येतो. दुकानात येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती गिगाहर्ट्झ?" दुसरा: "आय-फाइव्ह की आय-सेव्हन?" वीस वर्षं मी उत्तर देतोय की गिगाहर्ट्झ म्हणजे वेग नव्हे. खळ्यात कांदा निवडायला बसलेल्या माणसाचा हात मिनिटाला किती वेळा हलतो, तेवढंच गिगाहर्ट्झ सांगतं. एका हातात किती कांदे येतात, गोल्टी बाजूला काढताना तो किती वेळा अडतो, पुढची पाटी वेळेवर समोर येते का, हे त्यात येत नाही. नव्या चिपच्या एका हातात जास्त कांदे येतात. म्हणून एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात हा लॅपटॉप झिऑनच्या साधारण दुप्पट वेगाने जातो. टॅली असो, ब्राउझर असो, सातबारा उघडायचा असो, तिथे तुलनाच नको.

सगळे कोअर एकदम राबवले की चित्र पालटतं. लॅपटॉपवर लिहिलेलं असतं 'दहा कोअर'. त्यातले तगडे हमाल दोनच, बाकी आठ हलक्या अंगाचे. झिऑनचे आठही सारखेच तगडे, फक्त जुन्या चालीचे. अशा कामात दोघे जवळपास खांद्याला खांदा लावून जातात. पण किती वेळ? इथेच माझं चुकलं होतं. लॅपटॉपच्या चिपला मूळ मुभा १५ वॅटची; थोडा वेळ ती ५५ वॅटपर्यंत उसळी घेऊ शकते. उष्णता बाहेर गेली नाही की मुभा आखडते आणि ४.४ गिगाहर्ट्झचा आकडा खोक्यावरच राहतो. झिऑन ११५ वॅटचा, डोक्यावर अर्ध्या विटेएवढा पंखा. तो चोवीस तास राबण्यासाठीच घडवलेला आहे. या पोराची खोली पत्र्याची, दुपारी उभं राहवत नाही, आणि तीन तासांच्या फिल्मचं काम रात्रंदिवस चालू. खोली कशी आहे, हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

लॅपटॉप उघडला तर मेमरीची एकच पट्टी. दोन खाचांपैकी एक रिकामी, म्हणजे अर्धा रस्ता बंद. सेकंदाला २५.६ जीबी. झिऑनला चार रस्ते, सगळे भरले की ५१.२. त्याच्या पट्टीवर आठाऐवजी नऊ चिप असतात. नववी चुकलेली बिट ओळखून दुरुस्त करण्यासाठी. दुसरी पट्टी टाकली, धूळ काढली, पण पत्र्याचं ऊन काढता येईना.

शेवटी झिऑन मागवला. धातूच्या टोपीवर जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. स्पिरिटच्या बोळ्याने पुसली तशी अक्षरं वर आली. सॉकेटमध्ये २०११ पिना, केसाएवढ्या. एक वाकली तरी बोर्ड गेला. श्वास रोखून बसवला.

उणिवाही सांगतो. झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, पडद्यावर चित्र यायलाही वेगळं कार्ड लागतं. लॅपटॉपच्या चिपमध्ये व्हिडिओ आवळणारा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे साधी फाइल काढायची तर तोच आधी मोकळा होतो. पूर्ण जोमात झिऑनचं अख्खं यंत्र मीटरवर दोनशे वॅटच्या वर गेलं, म्हणजे पाच तासांत एक युनिट. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो. हा जागीच बंद. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. इंटरनेट न जोडता तो फक्त कामाला जुंपलाय.

आता कापाकापी लॅपटॉपवर होते, रंग आणि इफेक्टचं जड काम रात्रभर झिऑनवर. परवा तो विचारत होता, "दादा, हा अजून किती वर्षं काढेल?" प्रोसेसर सहसा मरत नाही, बोर्ड मरतो, आणि त्याला बसेल असा चांगला बोर्ड मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. मी एक जास्तीचा घेऊन ठेवलाय. कपाटात, त्याचं नाव लिहून.