उरलेला घास

अन्न टाकूं नये, ही आईची शिकवण मीं सासरीं आल्यापासून चाळीस वर्षें अक्षरशः पाळली. सर्वांची पानें उठलीं कीं पातेल्याच्या तळाशीं राहिलेला वरणभात, नातवानें अर्धी टाकलेली पुरणपोळी, नैवेद्याची वाटीभर खीर, हें सारें माझ्या वांट्याला येई. त्याला मी कधीं जेवण म्हणत नसें. जेवण निराळें, हें नुसतें ‘संपविणें’. या संपविण्यानें मला कोठवर नेलें होतें, तें माझ्यासारख्या गृहिणींना सांगावें, एवढ्याचसाठीं हा लेख.

२०२२ सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. थकवा फार येई, रात्रीं दोन-तीनदां उठावें लागे. धाराशिवांतील आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्त तपासावयास सांगितलें. मागील तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज देणारी एक तपासणी असते. तिचा आंकडा निघाला ८.२. मधुमेह! मी म्हणालें, “डॉक्टर, मी कांहीं लठ्ठ नाहीं; माझें वजन अवघें बासष्ट किलो.” पण बोलतांना मनांत वेगळेंच चित्र उभें होतें. परंड्याच्या आमच्या वाड्यांत ओसरीवर खाटेवर बसून तुळजापूरच्या दिशेला हात जोडणारी माझी आई! याच रोगानें तिचा डावा पाय घोट्यापासून गेला होता. जिनें जन्मांत अन्नाचा कण वायां घालविला नाहीं, तिला शेवटचीं तीन वर्षें स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडतां आला नाहीं.

डॉक्टरांनीं माझी समजूत घातली. ते म्हणाले, “आपण दिसतों तितके सडपातळ नसतों.” पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं ही गोष्ट अनेक वर्षांच्या संशोधनानें दाखवून दिली आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचें छायाचित्र छापलें गेलें. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. परंतु शरीरांतील चरबी इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के, तर आमच्या याज्ञिकांची २१.२ टक्के! ही पोटांत लपलेली चरबी यकृतांत आणि स्वादुपिंडांत जाऊन बसते व इन्सुलिनचें काम बिघडवते. ती उतरली, आणि रोग फार जुना झालेला नसला, तर पुष्कळांचें तें काम पुन्हां सुरळीत चालूं लागतें. प्रा. रॉय टेलर व प्रा. माइक लीन यांनीं ब्रिटनमध्यें केलेला प्रयोग २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ज्यांना कमी आहारावर ठेवून वजन उतरविण्यास साहाय्य केलें, त्यांपैकीं ४६ टक्के लोकांची साखर वर्षाअखेर औषधाशिवाय ताब्यांत आली. ज्यांचें वजन १५ किलो वा अधिक उतरलें, त्यांच्यांत हें प्रमाण ८६ टक्के होतें. पुढें लठ्ठ नसलेल्या वीस जणांवर तसाच प्रयोग झाला, तेव्हां चौदा जणांना हेंच फळ मिळालें.

मग मीं कंबर बांधली. आमच्या शेजारच्या लातुरास वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं दिवसांतून दोनच वेळां जेवावें, मध्यें कांहीं घेऊं नये, असा प्रचार महाराष्ट्रभर केला. त्याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत. पण माझ्या डॉक्टरांनीं गोळ्यांचा विचार करून मला संमति दिली. दोन वेळां ज्वारीची अर्धी भाकरी, भाजी, वरण, ताक. आणि पहांटे हातलाईच्या टेकडीकडे फेरी. तरीहि पहिल्या तीन महिन्यांत वजन दोनच किलो उतरलें. कारण ‘संपविणें’ चालूंच होतें!

गुढीपाडव्याच्या दुपारीं मी श्रीखंडाचें पातेलें निपटीत होतें. सूनबाई आंत आली. “आई, राहूं द्या तें.” मी चिडून म्हणालें, “मग काय उकिरड्यावर टाकूं?” ती क्षणभर घुटमळली आणि हळूच म्हणाली, “परंड्याच्या आजींनीं जन्मभर अन्न टाकलें नाहीं, आई. पाय मात्र टाकावा लागला.”

मला रडूं कोसळलें. तीहि रडली. पण त्या दिवसापासून आमच्या घरीं तांदूळ मोजून पडूं लागले, उरलेलें अन्न लगेच झांकून ठेवण्याचें काम तिनें घेतलें, आणि पानावर आग्रह करण्याची यांची जुनी संवय माझ्यापुरती तरी सुटली. ऑगस्ट २०२३ पर्यंत वजन त्रेपन्न किलोंवर आलें. डॉक्टरांनीं गोळ्या आधीं निम्म्या केल्या, मग बंद केल्या. पुढच्या जानेवारींत तोच आंकडा आला ६.०. औषधाशिवाय तीन महिने तो ६.५ च्या आंत राहिला, तर रोग शमला असें म्हणावें, असें जगांतील तज्ज्ञांनीं २०२१ सालीं ठरविलें आहे.

शमला, गेला नव्हे. वर सांगितलेल्या ब्रिटनमधील प्रयोगांत दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्केच राहिले, हें मी विसरत नाहीं. आमच्या एका नातलगांनीं कोणालाहि न विचारतां इन्सुलिन बंद केलें आणि त्यांना रुग्णालयांत हलवावें लागलें. तेव्हां, भगिनींनो, वैद्याला बाजूला सारून कांहीं करूं नका. इन्सुलिन किंवा कांहीं गोळ्या चालू असतां जेवण तोडलें, तर साखर एकाएकीं उतरून घात होतो.

यांत अगदीं नवें असें तरी काय आहे? प्रमेहाचा एक प्रकार उपजत आणि दुसरा अपथ्यानें होणारा, असें सुश्रुतानें सांगितलें; निर्धन रोग्यानें गांवोगांव शंभर योजनें चालावें, विहिरी खणाव्या, असाहि उपचार सांगितला. उरलेलें संपविणाऱ्या गृहिणीकरितां मात्र त्यानें कांहीं सांगितल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. तें माझ्या सुनेनें सांगितलें.

यंदा आईच्या श्राद्धाला खीर केली, ती मोजून. पानें उठलीं तेव्हां तळाशीं दोन चमचे उरलीच. मीं पातेल्यांत पाणी ओतलें, आणि तें विसळून ठेवलें.