गिझर: टाकीचा की इन्स्टंट?

मंडळी, गोरेगावच्या घरी (मुंबईतलं नव्हे, आमचं हिंगोली जिल्ह्यातलं!) आई-बाबांसाठी गिझर घ्यायचाय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ३ किलोवॅटचा इन्स्टंट झक्कास चालतो. पण गावाकडे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १८०वर येतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे २३०च्या मानाने जेमतेम ६१ टक्के! इन्स्टंटमधून मग कोमट धारच येणार. २ किलोवॅटच्या १५ लिटर टाकीला मात्र वीसेक मिनिटांऐवजी अर्धा तास लागेल, इतकंच. शिवाय लाईट गेली तरी तापलेलं पाणी टाकीत राहतं. आपल्या भाषेत, बफर! सत्तरीतले बाबा थंडीतही पहाटेच आंघोळ करतात, ऐकत नाहीत. टाकी वीज थोडी जास्त खाईल. खाऊ दे. टाकीचाच घेतोय.