‘च्यायला’ म्हणणाऱ्याचा आवाज कापू नकोस

प्रिय मृण्मयी,


तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. कांद्याच्या लिलावातून तू तुमच्या वाहिनीवर थेट बोलत होतीस. एक शेतकरी भाव सांगता सांगता ‘च्यायला’ म्हणाला, तशी स्टुडिओतून लिंक तोडली गेली आणि निवेदकाने प्रेक्षकांची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बातमीदारांना सूचना आली की, असा शब्द कानावर पडला की जोडणी बंद करायची. ‘आत्या, लाइव्हवर असं बोलणं चालावं का?’ असं तू विचारलंस. माझं मत सांगते. वैतागाचा शब्द चालावा. माणसाला हीन ठरवणारा शब्द चालू नये, मग तो वरवर कितीही सौम्य वाटो. आणि आपल्याकडे बहुतेकदा याच्या अगदी उलट होतं.

त्या माणसाचं पुढचं वाक्य काय होतं, ते तू लिहिलं आहेस: मजुरी, हमाली आणि गाडीभाडं वजा केलं तर हातात काही उरत नाही. बातमी ही होती. २०२३च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावपासून सगळ्या नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले आणि भाव कोसळले. अशा वेळी शेतकरी कॅमेऱ्यापुढे तोलूनमापून बोलणार नाही. त्याचा वैताग हाही बातमीचा भाग असतो. तो शब्द कापताना तुमच्या लोकांनी हिशेबही कापला. वर माफी मागितल्यामुळे ज्यांनी शब्द ऐकलाच नव्हता, त्यांना वाटलं असेल की, हा गृहस्थ काहीतरी भयंकर बोलला. बीप वाजवली तरी हेच होतं. मोकळ्या जागेत ऐकणारा मनाने वाईटातला वाईट शब्द भरतो, आणि साध्या माणसाची अब्रू विनाकारण जाते.

वरिष्ठ तुला नियम दाखवतील, म्हणून तो नीट वाचून ठेव. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ यांतल्या सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता आहे. सदभिरुचीला आणि सभ्यतेला बाधा आणणारं, अश्लील, बदनामीकारक, व्यक्तीची किंवा समूहाची निंदा करणारं, स्त्रियांना कमी लेखणारं काही दाखवू नये, असं ती सांगते. मुलांसाठी अयोग्य कार्यक्रम मुलं जास्तीत जास्त संख्येने टीव्ही पाहत असताना दाखवू नयेत, असंही सांगते. पण निषिद्ध शब्दांची यादी त्यात नाही. मार्च २०२४मध्ये ‘कॉलेज रोमान्स’ या वेबमालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, शिवराळपणा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. ती मालिका लोक आपणहून निवडून पाहतात, बातम्या घरात सगळ्यांसमोर चालू असतात, हा फरक मला मान्य आहे. पण तिथे भडक शिव्यांचा प्रश्न होता. इथे तर एक उद्गार आहे.

बाहेरच्या देशांनीही या प्रश्नाशी झुंज दिली आहे. अमेरिकेत २००३च्या गोल्डन ग्लोब सोहळ्यात गायक बोनो आनंदाच्या भरात थेट प्रक्षेपणात शिवी बोलून गेला. तिथल्या प्रसारण आयोगाने आधी ती आक्षेपार्ह नाही असं म्हटलं आणि पुढच्याच वर्षी निर्णय फिरवला. अशा ओझरत्या शिव्यांबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१२मध्ये न्यायालयाने वाहिन्यांवरची कारवाई रद्द केली, कारण बदललेल्या नियमाची पुरेशी कल्पना त्यांना आधी दिलेली नव्हती. ब्रिटनचा मार्ग मला जास्त पटतो. तिथली ऑफकॉम ही नियामक संस्था ठरावीक काळाने लोकांनाच विचारते की, कोणता शब्द त्यांना सौम्य वाटतो आणि कोणता तीव्र. २०२१च्या पाहणीत दिसलं की, लोक साध्या शिव्यांबाबत सैल झाले आहेत. वंश, अपंगत्व यांवरून हिणवणाऱ्या शब्दांबाबत मात्र त्यांची काळजी वाढली आहे. रात्री नऊच्या आधी मुलांसाठी काळजी घ्यायची हा नियम त्यांनी सोडलेला नाही. आपल्या वाहिन्यांनी मराठी प्रेक्षकांना असं मोकळेपणाने विचारावं, अशी माझी फार इच्छा आहे.

एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. या सौम्य उद्गारांतही शेवटी आईच आहे, असं बायका म्हणतात, आणि ते खरं आहे. म्हणूनच शब्द कुणाच्या दिशेने गेला ते बघ. भावाकडे, पावसाकडे, नशिबाकडे बघून निघालेल्या ‘च्यायला’ने कुणाची आई दुखावत नाही. तेच समोरच्या माणसावर ‘तुझ्या आयला’ म्हणून फेकलं की ती शिवी होते. तिथे तू मध्ये पडलंच पाहिजे.

मृण्मयी, आपण ‘वस्त्रहरण’ घरच्यांसोबत बसून पाहिलं आहे. १९८०पासून गंगाराम गवाणकरांच्या त्या मालवणी नाटकाचे हजारो प्रयोग झाले, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडची ती भाषा लेकराबाळांसकट लोकांनी डोक्यावर घेतली. म्हणजे गावची भाषा करमणूक करते तेव्हा आपल्याला ती गोड लागते. तीच भाषा हक्काचं मागायला लागली की असभ्य ठरते. हा अन्याय आहे, आणि तो माईकच्या बटणातून रोज होतो आहे.

आता ज्याला रोखायचं, त्याबद्दल. मराठीत जातींची नावं शिव्यांसारखी वापरली जातात, आणि चर्चेत कुणी सहज तसं बोललं तर बीप वाजत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला चारचौघांत जातीवरून हिणवणं १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. ‘लंगडा कारभार’, ‘आंधळं सरकार’ हे तर मथळ्यांत सर्रास असतं. जुलै २०२४मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दृश्यमाध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आणि अपंगांना कमी लेखणारी भाषा टाळायला सांगितलं. बाईच्या चारित्र्यावर शुद्ध प्रमाण मराठीत मारलेला टोमणाही याच रांगेत येतो. हे शब्द सभ्य कपड्यांत येतात, म्हणून दारावर कुणी अडवत नाही. पण घरात बसून ऐकणाऱ्या त्या जातीच्या मुलाला, व्हीलचेअरवरच्या मुलीला ते ‘च्यायला’पेक्षा कितीतरी खोल लागतात.

मुलांची काळजी मलाही आहे. पण अंगणात, बसमध्ये, क्रिकेटच्या मैदानावर मूल हे उद्गार ऐकतंच. टीव्हीवरून ते जे नव्याने शिकतं, ते म्हणजे मोठी माणसं एकमेकांशी कशी वागतात. दुसऱ्याला बोलू न देणं, आरडाओरडा करून त्याला खोटं पाडणं, हे त्याने शिकू नये असं वाटत असेल तर स्टुडिओतून सुरुवात करायला हवी.

आणि ही मोकळीक तुझी किंवा निवेदकाची नाही. ज्याच्यावर बेतलं आहे, त्याला वैतागायचा हक्क आहे. ज्याच्या हातात माईक आहे, त्याने भाषेला तिखटमीठ लावण्यासाठी असे शब्द वापरू नयेत. मी आकाशवाणीवर बातम्या लिहायचे, तेव्हाही हेच मानत होते: बातमी सांगणाऱ्याने संयम पाळावा, बातमीतल्या माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्यावं.

तेव्हा असं कर. ‘आयला’, ‘च्यायला’ आलं तर थांबू नकोस, माफी मागू नकोस, पुढचा प्रश्न विचार. कुणी आईबहिणीवर गेलं तर शांतपणे म्हण, ‘काका, राग कळतोय, मला आकडा सांगा,’ आणि पुनःप्रक्षेपणात तेवढा शब्द काढायला सांग, वाक्य राहू दे. जातीवरून, अपंगत्वावरून, बाईपणावरून कुणी बोललं तर तिथल्या तिथे, प्रेक्षकांना ऐकू जाईल असं सांग की हे चालणार नाही, आणि का चालणार नाही तेही सांग. हे सगळं एका पानावर लिहून संपादकांकडे ने. यादी मागू नकोस, निकष माग: कोण बोलतंय, कुणाला उद्देशून आणि कशासाठी. ते नाही म्हणाले तरी लेखी उत्तर माग. तू नवीन आहेस, हे मला कळतं. पण त्या शेतकऱ्याचा हिशेब लोकांपर्यंत पोचवणं हे तुझं काम आहे, आणि त्यासाठी वाद घालावा लागला तर तो घालण्यासारखा आहे.

तुझी,
सुमनआत्या