चाकाचे चार नट

मी उर्दू माध्यमाच्या एका शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवतो. राहायला मलकापूरला आहे. चार वर्षांपूर्वी एक जुनी वॅगन-आर घेतली. आमच्या घराण्यातली ती पहिली चारचाकी. गाडी दारात आली तेव्हा अम्मीने बोनेटवर हात ठेवून दुआ केली होती. मी मनातल्या मनात हप्त्यांचा हिशोब करीत होतो. गाडीच्या कप्प्यात एक पुस्तिका होती. ती तशीच राहिली.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. नांदुऱ्याहून परतताना महामार्गावर गाडी पंक्चर झाली. सुदैवाने जवळच टायरचे दुकान होते. तिथे काम करणारा मुलगा मला पाहताच उभा राहिला आणि त्याने सलाम केला. तो माझाच विद्यार्थी. नववीत असताना वडील आजारी पडले, तेव्हा शाळा सुटली. आता एकोणीस वर्षांचा झाला आहे. मगरीबची वेळ होत आली होती. "जल्दी कर बेटा," असे मी दोनदा म्हणालो. त्याने स्टेपनी काढली, पुढच्या डाव्या बाजूला चढवली, एअर गनने चारही नट कसले आणि पैसे मात्र घेतले नाहीत. "सर, आपसे क्या लेना," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बुलढाण्याला न्यायचे होते. मोताळा मागे पडले आणि राजूर घाट लागला. पुढून ठक-ठक असा बारीक आवाज येऊ लागला. मला वाटले, रस्ता खराब असेल. मग स्टिअरिंग हातात थरथरू लागले. समोरून आलेल्या काळी-पिवळीच्या ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून चाकाकडे खूण केली. मी गाडी कडेला घेतली. चारपैकी एक नट गळून पडला होता. दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. एकाच नटाने थोडाफार आधार धरला होता. एका बाजूला दरी. अम्मी मागच्या सीटवर तसबीह घेऊन बसली होती. तिला मी काही सांगितले नाही.

काळी-पिवळीवाला गाडी थांबवून परत आला. माझ्याच मागच्या चाकाचा एक नट काढून त्याने पुढच्या चाकाला लावला, सगळे नट कसून दिले आणि म्हणाला, "वीसच्या वर जाऊ नका, वर गेल्यावर आधी मिस्त्री गाठा." त्याचे नावही मी विचारले नाही. बुलढाण्याच्या मिस्त्रींनी चाक काढून दाखवले. रिमची भोके घासून लंबगोल झाली होती. रिम गेली आणि दोन बोल्टही गेले.

परतल्यावर मी तडक त्या दुकानावर गेलो. रागात होतो. सगळ्यांसमोर त्या मुलाला म्हणालो, "तेरी वजह से मेरी माँ मर जाती." तो खाली मान घालून उभा राहिला. दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी मला स्टुलावर बसवले, पाणी दिले आणि खराब झालेली रिम मागून घेतली. भोकांच्या कडेवर बोट फिरवून त्यांनी विचारले, "मास्तर साहब, इसको रंग किसने मारा?"

रंग मीच मारला होता. स्टेपनी गंजू नये म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरीच डब्यातला काळा रंग आणून दोन हात दिले होते. चाचांनी समजावले ते असे. नटाचे तोंड निमुळते असते. ते रिमच्या भोकात बरोबर बसले, तर चाक आपोआप मध्यभागी येते. त्या जागेवर, किंवा रिम आणि ड्रम जिथे एकमेकांना भिडतात तिथे, रंगाचा जाड थर असला किंवा गंज, माती असली, तर नट त्या थरावर कसला जातो. गाडी चालली की थर दबतो, झडतो आणि नट सैल पडतो. शिवाय मुलाने चाक हवेत असतानाच एकामागून एक नट पूर्ण कसले होते. पहिला नट पूर्ण कसला की चाक तिरके बसते. मग बाकीचे नट कितीही कसा, तिरकेपणा निघत नाही. "गलती इसकी भी है," चाचा म्हणाले, "मगर जल्दी किसने मचाई?"

घरी येऊन मी ती पुस्तिका प्रथमच उघडली. माझ्या गाडीच्या नटांसाठी आकडा दिला होता, ८५ न्यूटन-मीटर. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असतो. तो आकडा पाहून मला कसेसेच झाले. बल गुणिले अंतर हे सूत्र मी त्याच मुलाकडून आठवीत दहा वेळा लिहून घेतले होते. पाना मात्र वर्गात कधी नेला नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट आठवली, ती लिहायला लाज वाटते. आपल्या समाजाच्या मुलांना पंक्चरवाले म्हणून हिणवतात, ते ऐकून आपण दुखावतो. मी तर स्टाफरूममध्ये त्यावर भांडलोही आहे. पण वर्गात कोणी गृहपाठ केला नाही की मीच म्हणायचो, "पढोगे नहीं तो पंक्चर निकालोगे." त्या वर्गात तो तिसऱ्या बाकावर बसायचा. त्याचे वडील पंक्चरच काढत होते.

पुढच्या आठवड्यात मी चाचांकडून एक जुने चाक, ड्रम आणि पाना मागून आणला. मुलाला म्हणालो, "तू भी चल." तो आधी तयार होत नव्हता. मग हात धुऊन, शर्ट बदलून आला. नववीच्या वर्गासमोर त्याने चाक लावून दाखवले. तारेच्या ब्रशने दोन्ही भिडणाऱ्या जागा साफ केल्या. आट्यांना तेल लावले नाही. तेल लावले की तेवढ्याच जोरात बोल्टवर जास्त ताण पडतो. नट आधी बोटांनी फिरवले, निमुळते तोंड आतल्या बाजूला. मग समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे कसले. "गाडी जॅकपर हो तो इतनाच," तो म्हणाला, "फिर चक्का जमीन को लगाना, और आखिर का जोर नीचे देना." पाच नटांच्या चाकाचे काय, असे एका मुलीने विचारले. मी फळ्यावर, ईदच्या कार्डावर मुले काढतात तसा, खडू न उचलता तारा काढला. एक, तीन, पाच, दोन, चार. तोच कसण्याचा क्रम.

मग हिशोब केला. २५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे ३५ किलो वजनाइतका जोर दिला की ८५ न्यूटन-मीटर होतात. सत्तर किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला तर दुप्पट होतात. पान्यात एक मीटरचा पाइप घातला तर तेवढ्याच जोराने चौपट. जास्त कसणे हे सुरक्षित नाही. बोल्ट ताणला जाऊन कमजोर होतो, तुटतो. पुढच्या चाकाची डिस्क वाकडी होऊन ब्रेक मारताना गाडी थरथरते. बोल्ट धरतो तो आपल्या ताणाने. कसल्यावर तो स्प्रिंगसारखा केसभर लांबतो आणि रिमला ड्रमवर दाबून ठेवतो. त्या दाबामुळे जी रगड निर्माण होते, तीच गाडीचा भार सोसते. दोन वह्या तळव्यांमध्ये दाबून धरा म्हटले. जोवर दाब आहे तोवर त्या सरकत नाहीत.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. आपल्या जिल्ह्यात तो मेहकर, सिंदखेडराजा या भागांतून जातो. लहान गाड्यांना तिथे ताशी १२० कि.मी.ची मुभा आहे. त्या वेगात माझ्या गाडीचे चाक मिनिटाला सुमारे अकराशे फेऱ्या मारते. मुलांनी वहीत हे गणित केले. तो मागे उभा राहून एका मुलाच्या वहीत डोकावत होता. मी खडू त्याच्या हातात दिला आणि शेवटची ओळ त्याच्याकडून लिहून घेतली. चाक बसवल्यावर पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासावेत.

त्या दिवसापासून पंक्चरवाले ते वाक्य मी वर्गात उच्चारलेले नाही. चाचांनी हप्त्यांवर एक टॉर्क रेंच आणला आहे. ठरवलेला आकडा आला की तो टक् असा आवाज करतो. मुलाने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. दहावी झाली तर आय.टी.आय.ला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करायचा म्हणतो. रात्री दुकान बंद झाल्यावर तो माझ्याकडे येतो. गणितात कच्चा आहे, उर्दू वाचनाची सवय सुटली आहे. पास होईलच असे मी सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात मी चारही चाके बदलून घेतली. या वेळी पैसे दिले आणि त्याने घेतले. निघताना त्याने वहीत गाडीच्या किलोमीटरचा आकडा लिहिला आणि म्हणाला, "सर, पचास के बाद वापस लाना." दोन दिवसांनी मी गेलो नाही, तर त्याचा फोन आला.