दाण्यातलं पाणी

नंदुरबारला मामांची छोटी शेड आहे. दोन इंजेक्शन मोल्डिंग मशीनं, त्यांवर नायलॉनचे बुश बनतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत मी पुण्याहून घरी आलो तेव्हा माल परत येत होता. बुशांवर चंदेरी रेघा, आणि हातोडीने जरा ठोकलं की तुकडे.

मी सॉफ्टवेअरवाला. महिन्याभराच्या नोंदी एक्सेलमध्ये भरून आलेख काढला. खराब माल जवळपास सगळा रात्रपाळीचा, आणि रात्रपाळीला एकच ऑपरेटर. धडगावकडचा, माझ्याच वयाचा. मी मामांना सांगितलं, "माणूस बदला." त्यांनी बदलला नाही, पण आठवड्याची मजुरी कापली. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, एकदा रात्री येऊन बघा."

गेलो. त्याने नोझल साच्यापासून मागे घेतलं आणि वितळलेलं नायलॉन पत्र्यावर सोडलं. ते तडतडत, फेसाळत बाहेर आलं.

नायलॉन हवेतलं पाणी ओढतं. दाण्यात साधारण ०.२ टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला, की बॅरलमध्ये त्याची वाफ होते. चंदेरी रेघ ती हीच. रेघ निदान दिसते तरी. न दिसणारं नुकसान मोठं असतं : त्या उष्णतेत पाणी नायलॉनच्या लांब साखळ्या तोडतं, म्हणून बुश फुटतो.

संध्याकाळी वीज जायची, हॉपरवरचा ड्रायर बंद पडायचा. वीज आली की ऑर्डरच्या घाईत मशीन लगेच सुरू. त्यात दिवसा फोडलेली पोती तोंड उघडी ठेवूनच दिवसपाळी घरी जायची. माझ्या एक्सेलमध्ये 'कोण' हा रकाना होता. पोतं कधी फोडलं, ड्रायर किती तास चालला, हे रकानेच नव्हते.

आईने अनेक वर्षं मिरचीच्या पथारीवर देठ खुडले आहेत. ती म्हणाली, "पावसाने मिरची काळी पडली, तर खुडणारीचा रोज कापतात का रे?"

आता पोत्यावर फोडल्याची वेळ लिहितात आणि उरलेला दाणा लगेच बांधून ठेवतात. दाणा ८० अंशांवर किमान ४ तास सुकवायचा, वीज गेली तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. साधा ड्रायर पावसाळ्यातली ओली हवाच तापवून फिरवतो, म्हणून मामांनी कोरडी हवा देणारा घेतला. पाळी सुरू करताना नोझलमधून थोडं नायलॉन सोडून फेस येतो का ते बघायचं, ही त्याचीच पद्धत.

गंमत म्हणजे तयार बुशाला पाणी लागतंच. साच्यातून निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ असतं, गरम पाण्यात ठेवलं की चिवट होतं. पण बॅरलमध्ये तुटलेल्या साखळ्या नंतर कितीही भिजवल्या तरी जुळत नाहीत.

मामांनी कापलेली मजुरी परत दिली. मी त्याची माफी मागितली. "चालतंय," म्हणत त्याने हॉपरचं झाकण लावलं.

तेव्हापासून तो मला भाऊ म्हणत नाही. साहेब म्हणतो.